पाय काढला की इंजिन थरथरतं: दोष शोधायला सुरुवात कुठून करायची

पन्हाळ्यावरून वाघबिळाकडे उतरताना माझी पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अगदी शांत उतरायची. केर्लीपर्यंत काही तक्रार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पुलाजवळ पुढं उसाची ट्रॉली आली, की मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचो, क्लच दाबायचो, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा नको तितका खाली जायचा. इंजिन तीन-चार गचके खायचं. कधी सावरायचं, कधी पुलाच्या मधोमध बंद पडायचं. मागं गाड्यांची रांग आणि बाजूला बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर भीती.

दोन महिन्यांत मी ठिणगी पाडणारे चारही प्लग बदलले, त्यांना वीज पुरवणारी एक इग्निशन कॉइल बदलली, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले. प्रत्येक कामानंतर चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "गाडी कवा हादरत्या ते सांगा आधी. पाय काढल्या काढल्या, का काटा खाली आल्यावर, का ब्रेक दाबल्यावर?" मला सांगता येईना. "मग एक चक्कर मारून या आणि नीट बघून सांगा. तवर उघडून काय करू?"

वेग कमी करताना गाडी थरथरते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न विचारतो. हा लेख ज्यांनी कधी बॉनेटखाली हात घातला नाही त्यांच्यासाठी आहे. पाना धरायची वेळ बरीच उशिरा येते. त्याआधीचं काम डोळे, कान आणि एक वही यांचं आहे.

वेग कमी होताना इंजिनात काय चाललेलं असतं

हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या पायऱ्या पाठ करून उपयोग नाही, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

इंजेक्शनची पेट्रोल गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन गरम आहे आणि तुम्ही पाय पूर्ण काढला, तर गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल थांबतं. त्या वेळी इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवल्यासारखी उतरते ती यामुळे. हा पहिला टप्पा.

वेग उतरत जातो, आरपीएम खाली येतं. साधारण १,५०० ते १,००० च्या दरम्यान कुठंतरी (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा) किंवा तुम्ही क्लच दाबला की, कॉम्प्युटर पेट्रोल पुन्हा सुरू करतो. आता इंजिनाला स्वतःच्या ताकदीवर फिरत राहायचं असतं आणि तेही थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असताना, अगदी थोड्या हवेवर. हा दुसरा टप्पा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाड्या इथंच अडखळतात.

तिसरा टप्पा ब्रेकचा. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड कामाला लागतात. शिवाय पेडलचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनातल्या निर्वात दाबावर, म्हणजे आपण ज्याला व्हॅक्यूम म्हणतो त्यावर चालतो. तिथं गळती असेल तर ब्रेक दाबताच इंजिनाच्या आवाजात फरक पडतो.

पहिल्या टप्प्यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती कळली तर तुमचे बरेच पैसे वाचतील. पेट्रोलच बंद असेल तर सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही. स्फोट होत नसेल तर मिसिंगही, म्हणजे एखादा स्फोट चुकणंही, होत नाही. म्हणजे आरपीएम २,००० च्या वर असताना, पाय पूर्ण काढलेला असताना गाडी थरथरत असेल, तर प्लग, कॉइल, इंजेक्टर यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. दोष माउंटिंगमध्ये (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांत), ड्राइव्ह शाफ्टमध्ये (चाकं फिरवणाऱ्या दांड्यात), टायरमध्ये किंवा गिअरबॉक्सकडे शोधायचा. मी प्लग आणि कॉइल बदलत होतो तेव्हा हे मला माहीत नव्हतं.

पहिली पायरी: चक्कर मारा, पण योग्य रस्त्यावर

सोबत एक माणूस घ्या. तुम्ही गाडी चालवा, त्यानं वहीत लिहायचं. चालवता चालवता काट्याकडे बघत बसू नका.

रस्ता सरळ, सपाट आणि मोकळा हवा. रंकाळ्याच्या बाजूनं सकाळी फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते, तिथं नको. महामार्गावर तावडे हॉटेलच्या आसपास तर अजिबात नको, तिथं अचानक वेग कमी करणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी सकाळी बरे पडतात. ऊस हंगामात ट्रॉल्या कुठल्याही वळणावरून निघतात, त्याचं भान ठेवा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं चालवा. एसी बंद. मग हे प्रयोग करा, प्रत्येक किमान तीन वेळा:

तिसऱ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला या, पाय पूर्ण काढा, ब्रेक लावू नका, क्लच दाबू नका. गाडी आपोआप २५-३० पर्यंत येऊ द्या. थरथर कुठल्या आरपीएमला सुरू झाली ते सोबत्यानं लिहायचं.

पुन्हा ५० वर या. या वेळी पाय काढल्यावर लगेच क्लच दाबा. काटा कुठवर खाली जातो आणि कुठं स्थिरावतो ते बघा. चार सिलिंडरच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या गरम झाल्यावर ७०० ते ८५० च्या आसपास उभ्या राहतात. काटा ५०० पर्यंत बुडी मारून वर येत असेल तर ती खूण महत्त्वाची.

तिसऱ्यांदा ५० वरून क्लच दाबून हलका ब्रेक लावा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि सोडला की जात असेल, तर दोष बहुधा इंजिनाचा नाही. स्टिअरिंग हातात हलत असेल तर पुढच्या डिस्क बघा. सीटखाली जाणवत असेल तर मागची चाकं. डिस्क लेथवर घासून सपाट करून घेता येते, पण तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली की बदलायचीच.

शेवटी हे सगळं एसी लावून पुन्हा. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो. कॉम्प्युटरनं त्यासाठी आरपीएम थोडं उचलायला हवं. एसी लावल्यावरच गाडी बंद पडत असेल तर कॉम्प्युटरला हवा वाढवता येत नाहीये, असं धरून चालायला हरकत नाही.

घाटात प्रयोग करणार असाल तर दोन गोष्टी कधीच करू नका. उतारावर इंजिन बंद करू नका आणि न्यूट्रलमध्ये उतरू नका. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो, पुढं पेडल दगडासारखं कडक होतं. उतरताना इंजिन आपोआप बंद पडलंच, तर ब्रेक सारखा सोडून-दाबून पंप करू नका. एकच दाब धरून गाडी डाव्या बाजूला घ्या.

आणखी एक. तुमची गाडी तीन सिलिंडरची असेल तर उभी असताना ती थोडी हलणारच. ती तिची बांधणी आहे. नव्यानं गाडी घेतलेली माणसं यालाच बिघाड समजून खर्चात पडतात. त्याच मॉडेलची दुसरी गाडी पाच मिनिटं चालवून बघा, फरक कळेल.

पहिल्या टप्प्यात हादरत असेल तर

इथं फार वेळ घालवायला नको. गिअरमध्ये, पाय काढलेला, आरपीएम वर आणि हादरे येतात. सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. हादरे तसेच राहिले तर टायर, बॅलन्सिंग, बेअरिंग. क्लच दाबताच गेले तर इंजिनाचं माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट.

माउंटिंग बघायला गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक पूर्ण ओढा. एकानं आत बसून ब्रेकवर पाय घट्ट ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी जरासा सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्यानं बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन जरा हलणारच, पण ते उचलून आपटल्यासारखं होत असेल आणि 'ठक्' आवाज येत असेल तर रबर फाटलंय. सायलेन्सरचा पाइप बॉडीला लागतोय का तेही खाली वाकून बघा. त्याचा थरकाप आतून इंजिनाचाच वाटतो.

उतारावरून आल्यावर पाय पुन्हा ठेवला की मागं निळा धूर निघतो का, हेही सोबत्याला बघायला सांगा. पाय काढलेला असताना इंजिनातला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो आणि तो व्हॉल्व्हच्या जुन्या सीलमधून तेल आत ओढतो. ही थरथरीची तक्रार नाही, पण याच चाचणीत सापडते आणि लवकर कळलेली बरी.

दुसऱ्या टप्प्यात अडखळत असेल तर: आधी पाइप बघा

काटा खाली येताना गचके, सिग्नलला उभं राहताना थरथर, दसरा चौकात पोचेपर्यंत इंजिन बंद. तुमची तक्रार ही असेल तर हा भाग नीट वाचा.

शेतात पाटाला भरपूर पाणी असलं की खेकड्याच्या बिळातून किती पाणी जातं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पाटाची धार बारीक झाली की तेच बीळ निम्मं पाणी खातं. इंजिनाच्या हवेचं असंच आहे. ३,००० आरपीएमला इंजिन इतकी हवा ओढतं की फाटक्या पाइपमधून शिरणारी चिमूटभर जास्तीची हवा हिशेबातच येत नाही. थ्रॉटल बंद झालं की मोजून आत येणारी हवा थोडीशीच उरते आणि ती चिमूट एकदम मोठी होते. पेट्रोल मोजलेल्या हवेच्या हिशेबानं पडतं, न मोजलेली हवा त्यात मिसळते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. म्हणून गाडी हायवेला सुसाट आणि नाक्यावर आजारी.

इंजिन थंड आणि बंद असताना सुरुवात करा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप दोन्ही हातांनी वाकवून बघा. त्याच्या घड्यांच्या खोबणीत चिरा लपतात. मग इन्टेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाला) जोडलेले सगळे बारीक पाइप एकेक करून बोटानं चाचपा: ब्रेक बूस्टरचा, इंजिनाच्या वाफा परत ओढणारा ब्रीदर पाइप, पेट्रोलच्या वाफांच्या डब्याकडून येणारा. टोकाशी रबर कडक, चकचकीत किंवा भेगाळलेलं असेल तर ते संपलंय. मागच्या बाजूचे पाइप दिसत नाहीत, तिथं मोबाइलचा कॅमेरा घालून फोटो काढा.

उसाच्या रानाकडेला किंवा गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांनी पाइप आणि वायरी कुरतडल्यात का हे आधी बघा. ऊस तुटून गेला की उंदीर आडोसा शोधत येतात.

मग इंजिन सुरू करा. सैल कपडे, ओढणी, टाय, हातातलं कडं बाजूला. पंखा कधीही सुरू होतो. पाण्याच्या पाइपचा एक हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक पाइपांच्या जोडांवरून फिरवा. गळतीपाशी 'सूंऽऽ' असा आवाज नळीतून स्पष्ट येतो. संशयाच्या जागी साबणाच्या पाण्याचा अगदी थोडा फवारा मारा. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, तर जागा सापडली. वायरिंगच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) आणि कॉइलवर फवारू नका. काही जण इथं कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. गरम सायलेन्सरवर ते पेटतं. नवख्यानं तो मार्ग धरू नये. जागा सापडत नसेल तर गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते लावून घ्या. ती चाचणी एखाद्या चुकीच्या पार्टपेक्षा खूप स्वस्त पडते.

ब्रेक बूस्टरची तपासणी घरीच होते. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. नाही गेलं तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा पाइपातला एकदिशा व्हॉल्व्ह यापैकी काहीतरी गेलंय. गाडी उभी असताना ब्रेक धरून ठेवल्यावर सतत फुसफुस येत असेल आणि काटा हलत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलाय. तशी गाडी घाटात नेऊ नका.

आणखी एक सोपी खूण. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण हळूच उघडा. सुरात थोडा फरक पडणं ठीक आहे. झाकण आतून ओढून धरल्यासारखं वाटलं किंवा शिट्टी वाजली, तर ब्रीदरचा व्हॉल्व्ह अडकलाय.

पेट्रोल भरल्यानंतर पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्येच गाडी अडखळते का, हेही वहीत लिहा. तसं असेल तर टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहत असण्याची शक्यता मोठी. त्यावर एक कपलर आणि दोन पाइप असतात. थंड इंजिन सुरू करून त्याचा डब्याकडचा पाइप काढून बोट लावा. त्या वेळी तिथं ओढ जाणवायला नको.

थ्रॉटलवरचा काळा थर

पाइप ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी. पाय काढल्यावर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते आणि तिच्या कडेच्या केसभर फटीतून हवा जाते. त्या कडेला तेलकट काजळी साचली की फट बुजते. कॉम्प्युटर काही काळ पाकळी जास्त उघडून सांभाळून घेतो, मग त्याचीही मर्यादा संपते. जुन्या गाड्यांत पाकळीशेजारी उभ्या गाडीचं आरपीएम सांभाळणारा वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो, तोही काजळीनं अडकतो.

साफ करताना इग्निशन बंद, चावी काढलेली, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलेलं. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घ्या आणि कापडानं पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटानं जोरात ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडतात. सॅंडपेपर, स्क्रू ड्रायव्हर असलं काही आत घालू नका. साफ केल्यावर पहिल्यांदा आरपीएम चढलेलं राहील, कारण कॉम्प्युटर अजून जुन्या काजळीच्या हिशेबानं पाकळी उघडतोय. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरनं पुन्हा शिकवावं लागतं. आधी विचारून घ्या, नाहीतर साफसफाईनंच बिघाड झाला असं वाटेल.

स्कॅनर: कोडपेक्षा आकडे बघा

साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष आणि आकडे वाचायला. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवरचं ॲप एवढं नवख्याला पुरतं.

कोड, म्हणजे कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक, दिसला की लगेच तो पार्ट बदलायचा, ही चूक मी स्वतः केली आहे. 'पी०१७१' म्हणजे मिश्रण पातळ, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब, असा त्याचा अर्थ नाही. 'पी०३०१' ते 'पी०३०४' म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, 'पी०३००' म्हणजे कुठल्याही एकाच सिलिंडरचं नाही. 'पी०५०५', 'पी०५०६', 'पी०५०७' आयडलिंगचे, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरत राहण्याचे. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पुसला की मिस्त्रींकडे सांगायला काही उरत नाही.

कोड नसला तरी फ्युएल ट्रिम बघा. हवेच्या मानानं कॉम्प्युटरला ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा घटवावं लागतंय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) असे दोन असतात, दोन्हींची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर चिंता नको. गाडी उभी असताना ती बेरीज अधिक १५-२० आणि आरपीएम २,५०० वर धरल्यावर ती उतरून ३-४ वर येत असेल, तर व्हॅक्यूमची गळती जवळपास नक्की. पाटाचं आणि बिळाचं गणितच तिथं आकड्यांत दिसतं. उलट उभी असताना ठीक आणि वर गेल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप. माझ्या गाडीत लाँग टर्म १८ होता. प्लग बदलण्याआधी हा एक आकडा कुणी बघितला असता तर!

इथं एक अपवाद सांगायला हवा. काही गाड्यांत फिल्टरपाशी हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांच्यात गळतीची हवा सेन्सरला कळते, त्यामुळे ट्रिम फार हलत नाही, आयडलिंगच चढतं किंवा वर-खाली होत राहतं. ट्रिम चांगला आहे म्हणून गळती नाही, असं त्या गाड्यांत धरू नका.

हा मॅप सेन्सर कोल्हापुरात तपासायची युक्ती मला फार आवडते. चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत त्यानं बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रकाठी तो साधारण १०१ किलोपास्कल असतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून इथं ९४-९५. पन्हाळ्यावर गाडी नेली तर ९० च्या जवळ. वर जाताना आकडा तसा उतरत असेल तर सेन्सर शहाणा आहे. शहरात उभ्या गाडीत तो १०१ किंवा ८५ दाखवत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

प्लग, कॉइल आणि बाकीचं

प्लगचा नंबर शेवटी लावतोय, कारण प्लगचं मिसिंग आधी चढावर, भाराखाली जाणवतं. जोतिबाचा डोंगर चढताना गाडी भुकभुकत असेल आणि उतरल्यावर आयडलिंगलाही अडखळत असेल, तर मात्र प्लग काढून बघा. इंजिन थंड असू द्या. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडायची फट, गाडीच्या पुस्तकात दिलेली ठेवा, बहुतेक ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. बसवताना आधी हातानं आटे बसवायचे, मग पाना. प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा गेलेला एक प्लग फार महाग पडतो. कॉइलचा संशय असेल तर दोन सिलिंडरच्या कॉइल आपापसात बदला. मिसिंगचा कोड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल खराब. नवी विकत घेण्याआधी हे फुकटात कळतं.

सीएनजीची गाडी असेल तर सगळ्यात सोपी चाचणी तुमच्या हातात आहे: पेट्रोलवर टाका आणि तीच चक्कर पुन्हा मारा. पेट्रोलवर शांत आणि सीएनजीवर अडखळत असेल तर रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर किंवा किटचं ट्यूनिंग. मात्र सीएनजीला ठिणगी जास्त ताकदीची लागते, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी सीएनजीवरच उघडे पडतात. दोन्हींवर तसंच असेल तर पुन्हा पाइपांकडे.

डिझेलमध्ये दोष वेगळे. काजळीनं उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), पेट्रोलसारखेच माउंटिंग, डिझेलच्या पाइपातून शिरणारी हवा, इंजेक्टरचा असमतोल. क्लच दाबताना आणि इंजिन बंद करताना खडखड येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं दोन भागांचं जड चाक). ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता गचका देऊन बंद पडत असेल, जणू हातगिअरच्या गाडीत क्लच दाबायचा राहिलाय, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या भागाचा) लॉकअप सुटत नाहीये. ते घरचं काम नाही.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आणखी एक जागा बघाच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून लखलखीत करून विकता येते, पण कपलरच्या पितळी पिनांवर हिरवी बुरशी राहते. थ्रॉटल, मॅप सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर यांचे कपलर बॅटरी सोडून एकेक उघडा. हिरवट दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. सीटखालचं वायरिंग आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांचं खालचं टोक बाहेर ओढून चिखलाची रेघ आहे का बघा. अशा गाडीत दोष आज इथं तर उद्या तिथं दिसतो.

मिस्त्रींकडे जाताना

"पिकअप नाही, थरथरते, बघा जरा" एवढंच सांगू नका. वही पुढं ठेवा: "गरम इंजिन, एसी बंद, तिसऱ्या गिअरमध्ये ५० वरून पाय काढला, १,२०० पर्यंत ठीक, क्लच दाबला की काटा ५०० वर जातो. ब्रेकनं फरक नाही. एसीनं जास्त. उभी असताना ट्रिम १८, २,५०० ला ४." इतकं ऐकल्यावर चांगला मिस्त्री अर्ध्या तासात जागेवर पोचतो. काढलेला जुना पार्ट परत मागा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा झालं की पुन्हा तिन्ही.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो वितळतो आणि त्याची किंमत आधीच्या सगळ्या खर्चाहून मोठी असते.

माझ्या गाडीत मॅनिफोल्डच्या मागं ब्रीदर पाइपला बोटभर चीर होती. थंड असताना ती मिटलेली असायची. पन्हाळ्याहून उतरेपर्यंत रबर गरम होऊन मऊ पडायचं आणि पाय काढला की व्हॅक्यूमनं चीर उघडायची. म्हणून गॅरेजमध्ये सकाळी थंड गाडी बघणाऱ्या कुणालाच ती सापडली नव्हती. मिस्त्रींनी गाडी वीस मिनिटं चालू ठेवली, मग नळी कानाला लावली. पाइप त्याच दिवशी मिळाला.

दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरनं जुनं शिकलेलं स्कॅनरनं पुसून टाका आणि तीच चक्कर, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा मारा. लाँग टर्म ट्रिम एका दिवसात स्थिरावत नाही, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून मग बघा. माझा ३ वर आला. नव्या रबरावरची क्लिप महिनाभरानं थोडी सैल होते, तेव्हा बॉनेट उघडून ती एकदा हातानं फिरवून बघा.